यशोदाअक्का आणि बिनधुराची चूल

पांझरेच्या काठाला आंबेखेडं नावाचं एक गाव आहे. धुळ्याहून पिंपळनेरची एसटी धरायची, मधेच एका लिंबाखाली उतरायचं आणि पायी आत जायचं. आता तिथं स्लॅबची घरं झाली. पण शहाऐंशी सालच्या सुमाराला सगळी घरं धाब्याची होती, मातीच्या सपाट छपरांची, एकाला एक चिकटलेली. उन्हाळ्यात एका धाब्यावर चढलेलं माणूस खाली न उतरता अर्ध्या गावाची खुशाली विचारून यायचं. त्या गावात मारुतीच्या पाराजवळ एक ओटा होता, आणि त्या ओट्यावर यशोदाअक्का.

ओटा कसला, रंगमंचच तो. बाई उंच, काटक, नाकात टपोरी नथ, आवाज असा की नदीपल्याड गुरं राखणाऱ्यालाही कळावं अक्का आज कुणावर घसरली आहे. साठी उलटली तरी पदर खोचून उभी राहिली की समोरच्या बाया आपोआप खाली बसत. नवरा झुलालनाना शांत माणूस. भांडणात तो नेहमी बायकोची बाजू घ्यायचा, कारण जेवण तिच्या हातात होतं. मुलगा निंबा दिवसभर शेतात. घरात सून लताबाई.

पण अक्काचा खरा मान आवाजाचा नव्हता, हाताचा होता. गावात चूल घालायची तर अक्कानंच. तळ्याची काळी माती, वारुळाची माती, गव्हाचा भुसा आणि टांग्याच्या घोड्याची लीद, हे सगळं ती आदल्या दिवशी भिजवायची आणि दुसऱ्या दिवशी पायानं तुडवायची. मग बैठक मारून बसली की तिच्या बोटांखालून चूल अशी वर यायची, जणू ती त्या जमिनीतच होती आणि अक्कानं फक्त वरची माती बाजूला केली. शेजारी वैलही घालायची, म्हणजे भाकरी होईस्तोवर चुलीच्या उरल्या जाळावर डाळ शिजावी. लग्न असो, नवं घर असो, भावाभावांच्या वाटण्या असोत, बोलावणं अक्काला. मोबदला सूपभर धान्य आणि त्या चुलीवरची पहिली भाकरी. ती भाकरी घरचा कर्ताही आधी खायचा नाही. चुलीसमोर पाट मांडून अक्काला वाढायची, अक्का एक घास मोडायची, सगळ्या बाया तिच्या तोंडाकडे बघत राहायच्या, आणि ती म्हणायची, "नांदा वं आते," म्हणजे नांदा आता. तेव्हा कुठं घर जेवायचं.

असा मान ज्याला मिळतो त्याला वाटतं, हे असंच चालायचं. नाटकाच्या तालमीत कितीही पोरं येवोत, नारदाचं काम आपलंच.

त्या वर्षी साक्रीहून पंचायत समितीच्या बाई आल्या. सुती साडी, खांद्याला पिशवी, बोलायला गोड. सरकारची योजना निघाली होती: बिनधुराची चूल. धूर पाइपातून छपराबाहेर जाणार, सरपण कमी लागणार, बायांचे डोळे वाचणार. खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलणार, पाइप सरकारचा, चूल घालणारीची मजुरीही सरकारची. घरवाल्यानं माती-विटा द्यायच्या आणि थोडी वर्गणी. फक्त गावातली एक बाई धुळ्याला शिकायला हवी होती.

बाईंनी गावात विचारलं, तुमच्यात चूल कोण घालतं? आणि गावानं त्यांना सरळ ओट्यावर आणून सोडलं.

"अक्का," बाई म्हणाल्या, "तुमचं नाव फार ऐकलं. धुळ्याला चला. जाण्यायेण्याचं भाडं, राहणं, जेवण सगळं आमच्याकडं. आम्ही तुम्हाला चूल करायला शिकवू."

शेवटचं वाक्य नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. ओट्याखाली पाचपंचवीस बाया बसलेल्या. अक्कानं त्यांच्याकडं पाहिलं, नथ जराशी हलवली आणि म्हणाली,

"माले चुल्हा शिकाडनारी बाई आजून पैदा व्हवानी शे!"

असा हशा उसळला की पारावरचे कावळे उडाले. आणि हशा मिळाला की थांबायचं कसं, हे फार थोड्यांना कळतं. अक्कानं समोर नजर फिरवली. तिला शेजारची कमलबाई दिसली, चुलत पुतण्या छगनची बायको. दोघींची घरं एका भिंतीची, धाबी एकमेकांना लागलेली. कमल लग्न होऊन आली तेव्हा अक्कानंच तिला चिखल मळायला बसवलं होतं, आणि चुका काढून काढून रडवलंही होतं.

"हाई कमलले लयी जा, बाई," अक्का म्हणाली. "तिले धड चिखल मळता येस नही. शिकी लेवू द्या गरीबले!"

पुन्हा हशा. कमलबाईही हसली, पदर तोंडाला लावून. पण हसता हसता तिनं साक्रीच्या बाईंना विचारलं, "कधी निघायचं?"

अक्काला त्या रात्री छान झोप लागली.

कमलबाई धुळ्याहून परत आली ती एसटीच्या टपावर लोखंडी साचा, पाइप आणि पाइपाच्या टोप्या घेऊन. छगननं बैलगाडीतून ते सगळं घरी आणलं. पहिली चूल तिनं स्वतःच्या घरात घातली. भिंतीपलीकडून अक्काला सगळं ऐकू येत होतं: चिखल थापल्याचा आवाज, साचा काढताना विटेवर ठोकलेलं, धाब्याला भोक पाडताना पडलेली ढेकळं. अक्का मिरच्या वाळत घालायच्या निमित्तानं धाब्यावर चढली. मिरच्या सकाळीच घालून झाल्या होत्या. तिनं त्या गोळा केल्या आणि पुन्हा पसरल्या.

मग कमलच्या धाब्यावरच्या पाइपातून धूर आला. बारीक, निळसर, सरळ वर. खाली स्वयंपाकघरात बाया ओरडल्या, "घरमा काहीच नही वं! काहीच नही!" आणि सगळ्या धावत धाब्यावर आल्या, पाइपाभोवती कोंडाळं करून उभ्या राहिल्या. धूर तर त्या जन्मापासून बघत होत्या. पण धूर घराबाहेर उभा आहे आणि आपण घरात, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

कुणीतरी म्हणालं, "अक्का, तुम्ही बी या ना देखाले!"

"दिसी ऱ्हायनं आठेथीन," अक्का म्हणाली, आणि मिरच्या तिसऱ्यांदा गोळा करायला लागली.

त्यानंतर जे सुरू झालं ते अक्काला दिवसरात्र जाळत राहिलं. आज गिरधरच्या घरी कमलची चूल. उद्या सुताराच्या घरी. कमल साचा डोक्यावर घेऊन गल्लीतून जायची तेव्हा पोरं मागे असायची, आणि ती ज्या घरात शिरायची त्या घरातून पहिल्या भाकरीचा वास यायचा. पाट मांडला जायचा. कमल घास मोडायची. ती 'नांदा' म्हणायची की नाही, हे अक्का कुणाला विचारू शकत नव्हती, आणि तेच कळावं म्हणून तिचा जीव तळमळायचा. शेवटी तिनं लताबाईला आडून विचारलं, "ती कमल खाते तव्हय काही बोलस का?"

"म्हणस ना," लताबाई म्हणाली. "म्हणस, अक्का म्हणतस तसंच म्हणस."

हे ऐकून अक्काला बरं वाटायला हवं होतं. उलट तिनं पाण्याचा तांब्या असा आपटला की झुलालनाना ओट्यावरून उठून पाराकडं गेले.

झोंबलं होतं ते नुसत्या मानाचं नव्हतं. जन्मभर अक्कानं सूपभर धान्यावर चुली घातल्या, आणि ज्या घरात धान्य नव्हतं तिथं तेही घेतलं नाही. सरकारनं तिला कधी विचारलं नाही. आता सरकार कमलला हाताचे पैसे देत होतं. चूल स्वस्त पडते म्हणून बाया कमलकडं जातात, असं अक्का मनाला सांगायची. 'अनुदान' हा शब्द ती तोंड वाकडं करून म्हणायची. "फुकटनं शे, म्हनीसन गोड लागस!" पण ती मूर्ख नव्हती. गावात काही घरं अशी होती ज्यांना अनुदानाची गरज नव्हती, दलिचंद शेठजींचं घर त्यांपैकी. शेठजींच्या पानबाईंनीही कमललाच बोलावलं.

तेव्हा अक्कानं ठरवलं, खोट शोधायची. माणसाच्या हातून केलेल्या वस्तूत खोट असतेच. अक्काच्या बरोबरीच्या भिकुबाईकडंही कमलची चूल होती. ती शेतात गेलेली पाहून अक्का विरजण मागायच्या निमित्तानं तिच्या घरात शिरली. घरात कुणी नव्हतं. अक्का चुलीपुढं बसली. तोंड बघितलं, गोल. काठ बघितले, सारखे. मग आत हात घातला, जाळ जिथून मागे जातो तो बोळ चाचपायला. कोपरापर्यंत हात गेला. आतली भिंत गुळगुळीत होती, बोटांनी सारवलेली, आणि त्या बोटांची ओढ अक्काच्या ओळखीची होती. डावीकडून उजवीकडं, शेवटी अंगठ्यानं दाब. तो दाब तिनंच कमलला शिकवला होता. खोट नव्हती.

"काय शोधी ऱ्हायनी वं, यशोदा?"

भिकुबाई दारात उभी, डोक्यावर रिकामी पाटी. विळा विसरली म्हणून परत आली होती. अक्काचा हात अजून चुलीत.

"मांजरीनं पिल्लू गयं मधमा," अक्का म्हणाली.

"मना घरमा मांजर नही."

"मंग बाहेरनी व्हई," असं म्हणून अक्का राखेनं माखलेला हात पदराखाली लपवत उठली. विरजण मागायचं राहूनच गेलं. संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक घरात मांजरीच्या पिल्लाची चौकशी झाली.

खोट सापडेना, तेव्हा अक्कानं भीती पेरली. आणि ती पेरताना तिला एक अर्धं खरं सापडलं, जे संपूर्ण खोट्यापेक्षा जास्त चालतं. धाब्याची लाकडं धुरानं टिकतात, असं म्हातारी माणसं म्हणायचीच.

"धाबाना लाकडं धूर खाईसन जगतस," ती ओट्यावरून म्हणायची. "धूर बंद, वाळवी चालू. एक दिन धाबं डोकावर येई, मंग म्हनशात अक्का म्हणे व्हती."

काही बाया खरंच थबकल्या. एका घरानं नाव मागे घेतलं. कमलकडं एक पाइप शिल्लक राहिला आणि तो तिनं आपल्या ओट्याला, अक्काच्या दारासमोरच, उभा करून ठेवला. साक्रीच्या बाईंनी निरोप धाडला होता: योजनेची मुदत संपत आली, कानबाईचा सण झाला की उरलेला पाइप दुसऱ्या गावाला जाईल.

लताबाईनं तेव्हा धीर केला. तिचे डोळे कायम लाल असायचे, आणि पहाटेच्या भाकरीनंतर ती दारात येऊन पोट धरून खोकायची.

"माय, आपन बी नाव देऊत ना. एक पाइप शे."

"कसाले? मना चुल्हामा काय खोट शे?"

"खोट काही नही. पन धूर शे."

"धूर तं बठ्ठासना चुल्हामा ऱ्हास."

"कमलबाईना चुल्हामा नही ऱ्हास," लताबाई म्हणाली, आणि आपण काय बोललो हे कळून पाण्याची कळशी उचलून निघून गेली. नदीला जायची वेळ नव्हती ती.

अक्का दोन दिवस सुनेशी बोलली नाही. आपल्याच घरात, आपल्याच सुनेच्या तोंडून दुसरीचं नाव. विंगेत उभं राहून आपलं पद दुसऱ्याच्या गळ्यातून ऐकावं, तसं.

मग श्रावणात कानबाई आली. खानदेशात हिच्याइतका घरचा सण दुसरा नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवीला घरात बसवायचं, नारळाला नथ घालून तिचं रूप करायचं, आणि सगळ्या भाऊबंदकीनं एका घरात जमून रोट, पुरण, खीर, गंगाफळाची भाजी रांधायची. आंबेखेड्याच्या पाटील भाऊबंदकीची कानबाई थोरल्या घरात बसायची, म्हणजे अक्काच्या. हा तिचा वर्षाचा खरा प्रयोग. त्या दिवशी साऱ्या भावजया, सुना, लेकी तिच्या स्वयंपाकघरात खांद्याला खांदा लावून बसत, आणि अक्का मधोमध चुलीजवळ. कुणी पुरण वाटतंय, कुणी गाणं उचलतंय, अक्का एकीची थट्टा करतेय, दुसरीला दटावतेय. वर्षभर ती या एका दिवसाची वाट पाहायची.

त्या रविवारच्या आधी आभाळ आठवडाभर गळत होतं. चुलीत घालायला कपाशीच्या पऱ्हाट्या, त्याही दमट. अक्कानं जाळ घातला आणि धूर उठला. दरवर्षी उठायचा तसाच, किंवा थोडा अधिक. पण या वर्षी बायांचे डोळे बदलले होते. चार महिने त्यांनी बिनधुराच्या घरात स्वयंपाक केला होता, आणि डोळ्यांना सुखाची सवय लागायला फार वेळ लागत नाही. एकीला ठसका लागला. दुसरीनं पदरानं नाक झाकलं. पुरण वाटणारीला समोरचा पाटा दिसेना.

"अक्का, कुरडया मी घरना चुल्हावर तळी लयस," गिरधरची बायको म्हणाली. "आठे गर्दी व्हयनी." आणि उठली.

"मी बी खीर घरच करस. लवकर व्हई."

"पोरगं रडत व्हई, देखी येस."

एक एक करून त्या निघाल्या. कुणी भांडलं नाही, कुणी नाक मुरडलं नाही, सगळ्या हसून गेल्या. तेच जास्त वाईट. पडदा पडायच्या आधी लोक उठून जातात तेव्हाही असेच, चपला हातात घेऊन, आवाज न करता जातात.

तेवढ्यात धुराचा एक मोठा लोट ओसरीत देवीच्या चौरंगापर्यंत गेला. नथ घातलेल्या नारळासमोरचा दिवा फडफडला, आणि दारात बसलेली भिकुबाई ओरडली,

"कानबाईले बी ठसका लागी ऱ्हायना वं माय!"

बाहेर उभ्या बाया खो खो हसल्या. देवीचंच नाव, हसणं पापाचं नव्हतं. अक्काही त्या घरात जन्मभर हशा वसूल करत आली होती. हा पहिला हशा, जो तिच्यावर होता.

स्वयंपाकघरात उरल्या तिघी: अक्का, लताबाई आणि कमलबाई. कमल हसली नव्हती. अक्कानं ते पाहिलं होतं, आणि त्याबद्दल तिला कमलचा जेवढा राग आला तेवढा साऱ्या उन्हाळ्यात आला नव्हता. हसली असती तर तिच्याशी भांडून मोकळं तरी होता आलं असतं.

"तू बी जा ना," अक्का म्हणाली. "तुना बिनधूरना महाल वाट देखी ऱ्हायना."

"जासू. आधी पुरन घोटू द्या," कमल म्हणाली. तिनं फुंकणी उचलली, पऱ्हाट्या मोडून बारीक केल्या, आणि वाकून चुलीत फुंकलं. धूर सरळ तिच्या डोळ्यांत गेला. ती खोकली, डोळे पुसले, पुन्हा फुंकलं.

"धुळाले गयी तठे फुंकणी विसरी गयी का?" अक्का म्हणाली. "असं फुंकतस का? नळी हाथमा धर. तिरपी."

"अशी?"

"तशी नही. मना बाजूले सरक." अक्कानं फुंकणी हिसकावून घेतली. तिघींनी मिळून नैवेद्य पुरा केला. अक्का अख्खा वेळ बोलत होती, चुका काढत होती, आणि कमल 'हा अक्का, हा अक्का' करत होती. संध्याकाळी सगळी भाऊबंदकी जेवायला परत आली, डोळे स्वच्छ, तोंडावर हसू. गाणी झाली, फुगड्या झाल्या. अक्कानं गाणं उचललं तेव्हा सगळ्यांनी साथ दिली. पण तिला दिसत होतं, सगळ्या ओसरीत बसल्या होत्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत कुणी येत नव्हतं.

सोमवारी कानबाईला नदीत पोहोचवलं. मंगळवारी सकाळी अक्का दार उघडून बाहेर आली तर समोर पाइप. पावसानं धुतलेला, पांढरा, टोपी घालून उभा. ती त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिली. तिला त्या पाइपाचं वेड नव्हतं. पुढच्या श्रावणात तिच्या स्वयंपाकघरात कोण बसेल, एवढंच तिला कळत होतं. बायका कुठं बसतात यावरून घर कुणाचं हे ठरतं. आणि बायका त्या तिकडं, भिंतीपलीकडं बसायला लागल्या होत्या.

"कमल!"

कमल पिठाचे हात घेऊन बाहेर आली. मागोमाग छगन, तोंडात दातवण.

"हाऊ पाइप कसाले उभा करेल शे मना दारसमोर?"

"साक्रीन्या बाई नेवाले येणार शेत, अक्का. आजच."

"येतीन तव्हय येतीन. तोवर मना डोयामा खुपी ऱ्हायना."

"मंग कोठे ठेवू?"

"मना डोकावर बसाड!" अक्का ओरडली.

छगननं घाबरून दातवण बाहेर काढलं. कमलनं मात्र अक्काच्या डोक्याकडं न बघता त्याच्या वर पाहिलं, अक्काच्या धाब्याकडं. मग तिनं पाइप उचलला, खांद्यावर घेतला आणि अक्काच्या घरात शिरली. उंबऱ्यात लताबाईनं तिला बाजूला होऊन वाट दिली, आणि भिंतीकडं तोंड करून रडली. अर्थात धुरानं, असं तिनं सासूला सांगितलं. चूल तेव्हा पेटलेली नव्हती.

जुनी चूल अक्कानं स्वतः फोडली. कुणाला हात लावू दिला नाही. कुदळीचा पहिला घाव बसला नाही, इतकी ती पक्की होती. "देख," ती कमलला म्हणाली, "देख, कशी बसाडेल शे मी. तुनी टिकी का अशी?"

"मनी पाणी पडनं तरी फुटी, अक्का."

"खोटी," अक्का म्हणाली, पण दुसरा घाव जरा हलका घातला.

चिखल अक्कानंच तुडवला. साचा कमलनं मांडला. साचा मांडताना अक्का म्हणाली, तोंड मोठं हवं, आमच्या घरात पऱ्हाट्या जळतात. कमल म्हणाली, तोंड मोठं केलं की धूर परत येतो, पऱ्हाट्या मोडून घाला. अक्का म्हणाली, माझ्या घरात पऱ्हाट्या मोडायला नोकर नाही. लताबाई म्हणाली, मी मोडीन. दोघी तिच्याकडं अशा पाहायला लागल्या की ती पुन्हा कळशी घेऊन नदीला गेली.

दुपारी साक्रीच्या बाई आल्या. पाइप न्यायला आलेल्या त्या दारातच थांबल्या. अक्का चिखलानं माखलेली, कमल चिखलानं माखलेली, दोघी एकाच वेळी बोलत होत्या. बाईंनी शहाणपणा केला. काही शिकवलं नाही. झुलालनानांजवळ ओट्यावर बसल्या आणि चहा घेतला. वर्गणी नानांनी दिली, बायको बघत नाही असं पाहून, आणि म्हणाले, "बाई, तुमनं सरकारनं मना घरमा शांतता करी दिधी. आते बिघडाडू नका. लवकर जा."

चूल वाळायला वेळ लागतो, पण अक्काला वाट बघवेना. दोनतीन दिवस हळू हळू शेकून, चौथ्या दिवशी सकाळी खरा जाळ घालायचा ठरला. धाब्यातलं भोक अक्कानं खाऱ्या मातीनं स्वतः लिंपलं होतं, पावसाचं पाणी झिरपू नये म्हणून. त्यामुळे वर तीच असणार हे ठरलेलं. कमल खाली चुलीपाशी, अक्का वर पाइपापाशी.

पाऊस उघडला होता. बातमी फुटायला काय लागतं? शेजारच्या धाब्यावर भिकुबाई, त्यापलीकडं गिरधरची बायको, सुताराच्या सुना, पानबाई छत्री घेऊन. अर्धं गाव छपरांवर उभं. अक्कानं त्यांच्याकडं पाठ केली. ती पाइपाकडं बघत राहिली.

"घालू का जाळ, अक्का?" खालून कमल.

"घाल!"

काही झालं नाही. पाइप गार. अक्काच्या मनात आलं, येऊ नये. एकदा, फक्त एकदा या पोरीचा हात चुकू दे. अर्धं गाव बघतंय. मग ती काय म्हणेल तेही तिच्या जिभेवर तयार झालं, झकास वाक्य होतं, टाळी पडली असती. आणि त्याच क्षणी खालून लताबाईच्या खोकण्याचा आवाज आला. अक्कानं घाईनं पाइपावर हात ठेवला. तो कोमट लागला. ती गुडघ्यांवर बसली, टोपीच्या फटीतून आत बघायला वाकली.

धूर तिच्या तोंडावर आला.

"उना!" अक्का ओरडली. नदीपल्याड ऐकू जाईल असं. "उना वं, कमल! धूर उना! बठ्ठा वरच उना!"

ती उभी राहिली. तोंड काळं, नथ काळी, डोळ्यांतून पाणी. धाब्याधाब्यांवर बाया टाळ्या पिटत होत्या. तिला कळलं, आपण कुणाचं नाव घेऊन ओरडलो. आता ते परत घेता येणार नव्हतं. सगळ्या गावानं ऐकलं होतं.

कमल धावत शिडीनं वर आली. पिठाचे, राखेचे हात, तोंडभर हसू. अक्कानं कमरेवर हात ठेवले आणि पाइपाकडं डोळा बारीक करून पाहिलं.

"पाइप वाकडा शे," ती म्हणाली.

कमल पाइपाच्या या बाजूला गेली, त्या बाजूला गेली, दोन पावलं मागे सरकली. "कोठे वाकडा शे, अक्का? सरळ तं शे."

"तू उभी शे तठेथीन सरळ दिसस," अक्का म्हणाली. "आठे ये. मना बाजूले उभी ऱ्हाय. मंग देख."

कमल तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. पाइप सरळच होता. दोघीही ते बघत होत्या, आणि खाली स्वयंपाकघरात एकेक करून बाया शिरू लागल्या होत्या.